पुलाचं पोस्टकार्ड

क्वीन्सटाउनला आमच्या इमारतीत मुलाकडे राहणाऱ्या एक काकू एकट्या कधी इमारतीबाहेर पडायच्या नाहीत. कुणीतरी सोबत लागायचंच, आणि तो कुणीतरी बहुतेकदा मी असायचो. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणायच्या, "पाट्यांवर चार-चार भाषा असतात हो, पण त्यात माझी एकही नाही." मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तो नेईल तिथे त्या जायच्या.

एका जूनमध्ये त्याने त्यांना प्रागला नेलं. परत आल्यावर त्यांनी मला लिफ्टपाशीच गाठलं. राजवाडा, चर्च, जुनं घड्याळ दोन वाक्यांत उरकून आवाज खाली आणला.

"तिथल्या पाट्या आमच्या चिरंजीवांनाही वाचता येईनात. नकाशा उलटासुलटा करत बसले. कुणाला विचारायची लाज. शेवटी मीच ट्रामच्या थांब्यावरच्या एका आजीबाईंना, आम्हाला जायचं होतं त्या पुलाचं पोस्टकार्ड दाखवलं. मी मराठीत बोलले, त्या त्यांच्या भाषेत. हाताला धरून ट्राममध्ये बसवलं की आम्हाला."

पुढच्याच रविवारी त्या मला एमआरटी मेट्रोच्या स्टेशनवर दिसल्या. एकट्याच, हातात कापडी पिशवी. लिटल इंडियाला मेथी आणायला निघाल्या होत्या.

"येऊ का सोबत? मध्ये गाडी बदलावी लागते, काकू. चुकाल."

"चुकेन की," पदर खोचत त्या म्हणाल्या. "मग विचारीन."