नळीतली पत्रकं

लेलेकाका काहीही बोलले, की शेवटी म्हणायचे, "नोंद असू द्या." चहा पांचट झाला, लिफ्ट बंद पडली, तरी नोंद असू द्या. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत ही नोंद ठेवणारं खातं कुठलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे बहुधा मीच.

नागपूरला मुलीकडे कायमचं जायचं ठरल्यावर त्यांनी वडिलांची सायकल विकायला काढली. गेटवर पाटी लागली: "ऐतिहासिक सायकल विकणे आहे. बेचाळीसच्या चळवळीत हिच्या सीटखालच्या नळीतून गुप्त पत्रके नेऊन पेठांत वाटली गेली. ब्रेक लागतात, पण विचार करून. घासाघीस करणाऱ्यांनी पायी जावे." पाटीचा फोटो मोबाइलवर फिरला आणि लोक बघायला येऊ लागले. काका प्रत्येकाला वडिलांचं शौर्य सांगत आणि वर विचारत, "आपल्या वडिलांनी काय केलं?" गिऱ्हाईक तिथूनच परत जायचं.

हडपसरचा एक हॉटेलवाला मात्र टिकला. "काका, मी ही भिंतीवर लावतो. फक्त ती नळी दाखवा, व्हिडिओ करू." वर्षानुवर्षं गंजून बसलेली सीट मेकॅनिकने ठोकून ठोकून काढली. आतून पत्रकांची सुरळी निघाली, पिवळी पडलेली, दोऱ्याने बांधलेली.

"ओरिजिनल आहेत काका. दुप्पट देतो," हॉटेलवाला म्हणाला. काका दोऱ्याकडे बघत होते. गाठ कधी सुटलीच नव्हती.

"म्हणजे वाटलीच नाहीत," ते म्हणाले. "वडील घाबरले असणार. विशीतला तर पोरगा." काकांना टोमणा मारावासा मला वाटला नाही, असा तो पहिलाच दिवस. वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी पाटीवर 'वाटली गेली' खोडून 'वाटायची राहिली' असं लिहिलेलं होतं. सीट परत बसवून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका स्वतः पत्रकं वाटायला सदाशिव पेठेत निघाले. मी स्कूटरवर मागे, पडले तर उचलायला. एका दारातून गृहस्थ खेकसले, "जाहिराती नकोत. चालते व्हा."

"अहो, यातही तेच लिहिलंय," काका म्हणाले. "फक्त इंग्रजांना. धरा." गृहस्थांनी निमूट धरलं.

शेवटचं पत्रक माझ्या पत्रपेटीत पडलं. हॉटेलवाल्याला नुसती सायकल मिळाली, ठरल्या भावात. निघताना काकांनी ती पाटी उतरवून माझ्या हातात दिली. खाली आणखी एक दुरुस्ती होती: "पत्रके वाटली. मुलाने. उशीर झाला, नोंद असू द्या."

घेतली, काका.