वक्रबाईंनी धरलेला हात

वक्रबाईंनी कंपासशेठचा हात धरला. तोही भर दुपारी, भर दुकानात, काउंटरवर कोपरं टेकून.

ही बातमी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली हे विचारायलाच नको. शेठच्या दुकानाच्या बरोबर समोर शिंपीणबाईंचं मशीन होतं, आणि शिंपीणबाईंचा हात टाके घालण्यापेक्षा लोकांची शिवण उसवण्यात जास्त सफाईने चाले. "ह्या डोळ्यांनी पाहिलं हो," त्या मापं घेता घेता सांगत. "आधी बोट धरलं, मग हात. दोघांच्याही माना खाली. विकत घ्यायला आलेलं माणूस असं बसतं का? कोपर वर करा जरा."

संध्याकाळपर्यंत ती बातमी शाळेच्या शिक्षकखोलीत पोचली. तिथे चित्रकलेच्या सरांनी तिला शेपूट जोडलं: "कंपास आहे म्हटल्यावर वक्र निघायचाच!" हसून हसून लोकांचे चहाचे कप हिंदकळले. त्या दोघांनी 'हो' म्हटलं नाही, 'नाही' म्हटलं नाही, आणि न नाकारलेली गोष्ट कशी मुरत जाते हे लोणचं घालणाऱ्यालाही सांगायला नको.

आता ही दोन माणसं कोण, ते सांगितलं पाहिजे.

वक्रबाई म्हणजे शाळेच्या वरच्या वर्गांच्या गणिताच्या बाई. बोलणं सरळ, चालणं सरळ, केसातला भांगसुद्धा पट्टी लावून काढल्यासारखा. पण आयुष्य गेलं वक्ररेषा शिकवण्यात, म्हणून पोरांनी नाव ठेवलं वक्रबाई. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एका पोराच्या तोंडून समोरच निसटलं, तर म्हणाल्या, "नाव बरोबर ठेवलंयस. आता समीकरणही बरोबर मांड." लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारणाऱ्याला त्या विचारत, "स्थळ आणलंय का? नाही ना? मग उत्तर कुठं भरणार?"

त्यांचा एक चमत्कार होता. खडू हातात घेऊन फळ्याकडे अर्धवट पाठ वळवून, पोरांशी बोलता बोलता एका दमात वर्तुळ काढायच्या. सुरुवात जिथे, शेवट नेमका तिथे. नव्या वर्गातली पोरं तोंडात बोट घालायची. वाटीच्या आकाराचं परवलय काढताना तर हात असा खाली झुलून वर यायचा की वर्गात पाळणा हलल्यासारखं वाटे.

कंपासशेठ हे त्याच रस्त्यावरचे दुकानदार. कंपासपेट्या, आलेखवह्या, प्रयोगशाळेची काचभांडी, हिशेबाची यंत्रं असा माल. चालताना पाय फाकवून चालत, म्हणून कंपास. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते स्वतःशीच बुद्धिबळ खेळत आणि हरत. बाईंची आणि त्यांची ओळख आलेखवहीच्या चौकटींवरून झालेल्या भांडणाची. चौकटी फिक्या छापल्या होत्या, आणि बाईंनी सगळा गठ्ठा परत आणून आपटला होता. तेव्हापासून दोघांचं बरं जमे.

मग बाई आजारी पडल्या. आजार मोठा होता, नाव घेताना लोक आवाज खाली करतात तसला. वर्षभर त्या शाळेत नव्हत्या. परत आल्या तेव्हा भांग पुन्हा सरळ होता, आवाज पुन्हा खणखणीत होता, फक्त एक गोष्ट बदलली होती. बाई आता फळ्यावर लिहीत नसत. खुर्चीत बसून पोरांना फळ्यापाशी पाठवत. "तू काढ. नाही, खाली जाऊ दे अजून. आता वळव." शिक्षकखोलीत कुजबुज झाली. "आजारपणाने बाई राणीसाहेब झाल्या. हात मळत नाहीत हल्ली."

हात मळवायला ते आपले वाटायला तरी हवेत. औषधांनी आजार गेला, पण जाताना बोटांची टोकं घेऊन गेला. दहाही बोटं जागच्या जागी होती, पण टोकांना काही कळत नव्हतं. कातडी कागदासारखी कोरडी, गुळगुळीत झाली होती. खडू धरला तर तो आहे की पडला हे बघितल्याशिवाय समजत नसे. डॉक्टर म्हणाले होते, कदाचित परत येईल, कदाचित नाही. हे ठाऊक होतं फक्त धाकट्या बहिणीला, जी त्यांच्याबरोबरच राहायची आणि रोज सकाळी न बोलता त्यांच्या पदराला पिन लावून द्यायची.

"सांगून टाक ना ताई शाळेत," बहीण म्हणायची. "चोरी केलीयस का?"

"सांगितलं की 'अरेरे' म्हणतील."

"म्हणू देत. 'अरेरे'ने काय भोकं पडतात?"

"पडतात," बाई म्हणायच्या. आणि विषय तिथे संपायचा.

अशात शाळेने ठरवलं की वरच्या वर्गांसाठी आलेख काढणारे कॅल्क्युलेटर घ्यायचे, प्रत्येक बाकावर एक. शेठकडे नमुने दोन आले. एक बटणांचा, जाडजूड, विटेसारखा. दुसरा सपाट, बटणं जवळजवळ नाहीतच. सगळा कारभार पडद्यावर, बोटाने. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोन्ही डबे टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बाई, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणाल ते. मात्र शिकवायचंही तुम्हीच. तुमचा पडदा मागे भिंतीवर मोठा दिसणार, पोरं त्यात बघून आपलं करणार."

बाई दोन्ही डबे घरी घेऊन आल्या. बटणांचं यंत्र त्यांना जमलं. बोटाच्या टोकाऐवजी वाकवलेल्या पेराने दाबायचं. बटण टक् वाजतं, म्हणजे लागलं. पडद्याचं यंत्र मात्र त्यांना ओळखच देईना. बोट टेकवलं, काही नाही. दाबलं, काही नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. जणू बाई घरात नव्हत्याच. पेर लावलं तर ते एकदम तीन ठिकाणी लागे आणि रेषा उडून कुठल्या कुठे जाई. बहिणीने येता जाता सहज बोट लावलं, तर पडदा लगेच जागा झाला.

"बघा मेल्याला," बहीण म्हणाली. "माणूस बघून दार उघडतो. ताई, बटणवालंच घ्या म्हणून सांग."

बाईंनी तेच ठरवलं. कारणंही होती. विटेसारखं यंत्र पडलं तरी फुटत नाही. बॅटरी जास्त टिकते. परीक्षेच्या हॉलमध्ये त्याला कुणी हरकत घेत नाही. सगळी कारणं खरी होती; घोळ नेमका तिथेच होता. खोटी असती तर बाईंनी ती केव्हाच खोडली असती.

शेवटचं बोलणं करण्याआधी रीत म्हणून त्यांनी दोन्ही नमुने वर्गात फिरवले. स्वतः खुर्चीतच बसल्या. पोरं यंत्रावर तुटून पडली, बाकं सरकली, कुणीतरी कुणाच्या पायावर पाय दिला. मागच्या खिडकीपाशी एक मुलगी बसायची. गणिताच्या तासाला तिचं लक्ष खिडकीबाहेर, म्हणून सगळे तिला 'खिडकी' म्हणत. सहगुणक, म्हणजे एक्सच्या वर्गाला गुणणारा आकडा, ऋण झाला की वाटी उलटी का होते, हे बाईंनी तिला नाना तऱ्हांनी सांगितलं होतं. ती मान हलवायची आणि पेपरात बरोबर उलटं लिहायची.

सपाट यंत्र फिरत फिरत तिच्यापाशी पोचलं. तिने परवलयाचा काठ बोटाने धरला आणि खाली ओढला. वाटी पसरट झाली. कडेचा आकडा लहान झाला. तिने अजून ओढलं. वाटीची ताटली झाली, ताटलीची सपाट रेघ झाली, आकडा शून्य. तिने जरा थांबून आणखी खाली ओढलं. रेघ पलीकडे वळली आणि आकड्यामागे वजा येऊन बसला.

"बाई!" ती एवढ्याने ओरडली की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. "बाई, शून्यातून जावं लागतं! सरळ उलटी होतच नाही ती, आधी सपाट होते! मग वजा!"

"मग इतके दिवस मी काय म्हणत होते?"

"तुम्ही म्हणत होता बाई, पण मी ओढलं नव्हतं ना."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बटणांचं यंत्र तिच्याकडे दिलं. "ह्याच्यावर कर तेच." तिने आकडा दाबला, एक चित्र आलं. वजा दाबला, दुसरं आलं. मधलं काही नाही. "हे फोटो आहेत बाई," खिडकी म्हणाली. "ते चालत होतं."

त्या दिवशी घरी बाईंना जेवण गेलं नाही. बहिणीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट उचललं.

"बटणवाल्यावर शिकवलं तर मी शिकवेन," बाई म्हणाल्या. "पडद्याचं आणलं तर मला वरचा वर्ग सोडावा लागेल."

"मग प्रश्न काय आहे? आणि बटणवाल्याने काय गणित चुकतं का?"

"चुकत नाही."

"मग?"

"चालत नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नमुने घेऊन शेठच्या दुकानात गेल्या. शेठ नुकतेच स्वतःकडून हरले होते.

"या. मग, वीट की पाटी?"

बाईंनी सपाट यंत्र काउंटरवर ठेवलं आणि त्यावर बोट टेकवलं. शेठ बघत राहिले. बाईंनी दुसरं बोट टेकवलं.

"बिघडलंय की काय?" शेठनी स्वतः हात लावला, पडदा उजळला. "नाही, चांगलं आहे."

"यंत्र चांगलंच आहे," बाई म्हणाल्या, आणि बहिणीशिवाय कुणाला न सांगितलेलं दोन वाक्यांत सांगून टाकलं. शेठ 'अरेरे' म्हणाले नाहीत. खण उघडून पडद्यावर चालणारं एक पेन काढलं.

"ह्याने करून बघा."

बाईंनी पेन धरलं. ते बोटांतून घसरलं, काउंटरवरून गडगडत बुद्धिबळाच्या पटावर गेलं आणि एक उंट आडवा झाला. "खडू राहत नाही, पेन कसं राहील?"

"मग वर्गातल्या एखाद्या पोराला बसवा शेजारी. तुम्ही सांगा, तो ओढेल."

"फळ्यावर तेच करून आजवर निभावलंय शेठ. इथं नाही निभणार. पोर विचारतं, 'बाई, असं केलं तर?' तेव्हा तिथल्या तिथे ओढून दाखवावं लागतं. सांगत बसले तर प्रश्न थंड होतो. आणि मग पोरं गणित बघणार नाहीत, माझी बोटं बघतील."

शेठनी पेन उचलून खणात ठेवलं. मग बाई म्हणाल्या, "एकदा तरी ओढून बघायचंय मला. बोट द्या तुमचं."

"बाई, दुकान भर रस्त्यावर आहे."

"मग रस्त्याला काय करू?"

"आणि समोर मशीन थांबलंय. आमच्यात म्हणतात, बोट दिलं की माणूस हात धरतं."

"मला बोटच पुरे आहे. द्या."

शेठनी तर्जनी पुढे केली. बाईंनी ती दोन्ही तळव्यांमध्ये धरली, खडू धरावा तशी नव्हे, खलाचा बत्ता धरावा तशी, आणि परवलयाच्या काठावर टेकवली. वाटी खाली आली. पसरट झाली. सपाट झाली. बाई शून्यावर थांबल्या. मग त्यांनी ते बोट आणखी खाली नेलं, आणि रेषा पलीकडे वळली. बाईंचा खांदा तसाच झुलला, जसा पूर्वी फळ्यापाशी झुलायचा. पुन्हा वर नेली, पुन्हा खाली. शेठचा हात दुखला असेल, पण त्यांनी तो हलवला नाही.

"हं," बाई म्हणाल्या आणि बोट सोडलं. "पाट्याच पाठवा. बाकांइतक्या."

"नक्की?"

"तुमचा उंट उभा करा. नाहीतर पुन्हा हराल."

तिथून त्या थेट मोठ्या बाईंकडे गेल्या. पडद्याचं यंत्र घ्यावं, आणि पुढच्या सत्रापासून वरचा वर्ग शेजारच्या वर्गातल्या तरुण सरांना द्यावा. स्वतःला त्यांनी सगळ्यात लहान वर्ग मागितला, जिथे पाढे तोंडी म्हणायचे असतात आणि फळ्याची गरज नसते. मोठ्या बाई चकित झाल्या. "आता? तुमच्या भरात? का?"

"कंटाळा आला वक्राचा," बाई म्हणाल्या.

पुढच्या दोन दिवसांत बातमी शाळेत फिरली आणि मोठ्या बाईंना आपलं उत्तर सापडलं. सगळ्यांनाच सापडलं: ह्या वयात बाईंचं मन गणितात राहिलं नाही, ते भलतीकडेच गुंतलं. बहीण चिडून लाल झाली. "जाऊन सांगते त्या शिंपिणीला चार शब्द!"

"नको. शिवू दे तिला," बाई म्हणाल्या. "हे 'अरेरे'पेक्षा बरं आहे. ह्यात निदान हसतात लोक."

शेठनीही कुणाला काही सांगितलं नाही. चित्रकलेच्या सरांनी एकदा वही घेता घेता डोळा मारला, तर शेठ म्हणाले, "सर, आमच्या वेळी हात धरायलाही हिंमत लागायची," आणि सुटे पैसे मोजून दिले.

लहान वर्गात बाई पुढे कैक वर्षं पाढे घेत होत्या. वरच्या वर्गाच्या भिंतीवर परवलयं चालताना जाता येता दारातून दिसायची. त्या क्षणभर थांबायच्या, आत जायच्या नाहीत. बोटांत संवेदना परत आली नाही. शेठशी त्यांनी लग्न केलं नाही, करायचा विचारही दोघांच्या मनात कधी आला नाही. बाई गेल्या तेव्हा माणसांत बसून बहिणीने हे सगळं सांगितलं. शिंपीणबाईही होत्या तिथे, मान खाली घालून.

खरं एवढंच होतं: यंत्राच्या पडद्याला बाईंचं बोट कळत नव्हतं, म्हणून त्या दुपारी त्यांनी शेठचं वापरलं.