बंधारे चढून घरी आलेली मोटारबोट

शाळेच्या स्लॅबवर बसून आपलं घर बुडताना ज्यानं बघितलंय, त्याला नाव विकत घेऊ का नको असं विचारायचं नसतं. तरी आमच्या घरात त्यावर सगळा हिवाळा चर्चा झाली, कारण आमच्या घरात दोन पुरुष आहेत.

आम्ही कोल्हापूरच्या वरच्या अंगाला पंचगंगेच्या काठी राहतो. माझी शाळा दुसरीतच सुटली, म्हणून मी बोलते आणि थोरली नात प्रज्ञा टायपाच्या मशीनवर बडवते. ती मधेच खुसूखुसू हसते, तिकडं तुम्ही लक्ष देऊ नका.

मागल्या पावसाळ्यातल्या पुरात गावात एकच नाव होती. ती वरच्या गल्लीत गेली आणि परत फिरून वरच्या गल्लीतच गेली. आमची बौद्धवस्ती खाली, नदीला चिकटून. पाणी पहिलं आमच्याकडं येतं आणि नाव शेवटी. वरच्या गल्लीतल्या दादू आबांची म्हैस आमच्या डोळ्यांदेखत पलीकडं गेली. म्हैस दोरीला बांधून मागनं पोहत होती आणि तिचं रेडकू नावेत बसलेलं, पोतं पांघरून, एखाद्या साहेबासारखं. आमची सून सुजाता तेव्हा दिवस भरलेली. तिला स्लॅबवरच प्लास्टिकच्या कागदाखाली पोरगी झाली. पोरगी खणखणीत आहे. जन्मापासनंच शाळेत आहे, आता दाखल्याची काळजी नाही, असं मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी मात्र मला कुणी हसवू शकलं नसतं.

माझा मुलगा मिलिंद वायरमन आहे. त्यानं नरसोबाच्या वाडीच्या पलीकडं, कृष्णेच्या काठावर एक जुनी मोटारबोट हेरली. एक इसम तीत माणसं बसवून फेऱ्या मारायचा. आमच्या मालकांचं म्हणणं, टेंपोत घालून आणू. मिलिंद म्हणाला, “नको आण्णा. नदीतनंच आणू. बंद पडायची असली तर उन्हाळ्यात पडूदे, पुरात नको.”

जन्मात एकदा पोरगं शहाण्यासारखं बोललं. मी लगेच म्हणाले, मीबी येणार. पुरात जी बसणार, तिनंच आधी बसून बघायला पाहिजे. आमच्या मालकांवर विश्वास ठेवून मी अख्खा संसार केला, तेवढा एका जन्माला पुरे.

तर पहिला दिवस. एष्टीनं जयसिंगपूर, तिथं भडंग घेतलं, मग वाडी. वाडीला बासुंदी खाल्ली. तिच्यात खोड काढायला जागा नव्हती म्हणून मी वाटीची काढली. केवढीशी वाटी! तुम्ही गेलात तर दोन मागवा आणि पेढे येताना घ्या, उन्हात घामेजतात. आमचे पेढे बोटीतच खलास झाले.

बोट बघितली आणि मी मनातनं इतकी फुलले की काय सांगू. निळी-पांढरी, फायबरची, ठिकठिकाणी ठिगळं लावलेली. नाकाडावर एका नटीचं चित्र, तिचा एक डोळा झिजून गेलेला. मी लगेच चढून मधल्या फळीवर बसले, उतरेचना. पण विकणाऱ्यासमोर तोंड आंबट ठेवलं.

“मावशी, राणी हाय बगा एकदम,” तो म्हणाला.

“राणीला मोतीबिंदू झालाय,” मी म्हणाले.

मग त्यानं नारळ काढला. म्हणाला, नवीन वाहन आहे, फोडा. मी सांगितलं, आम्ही बौद्ध, नारळ फोडत नाही. त्याचं तोंड उतरलं. म्हटलं, “दे की पर. फोडत न्हाई, चटणी करतोय.” नारळ पिशवीत गेला.

इंजिन मागं लावलेलं. शेतातल्या पंपासारखी दोरी ओढायची. मिलिंदनं ओढली, मालकांनी ओढली, विकणाऱ्यानं ओढली, तेव्हा कुठं ते खोकलं आणि सुरू झालं. आमचे मालक एष्टीचे ड्रायव्हर, आता रिटायर. बोट वळवायचा दांडा त्यांनीच धरला. बुडू नये म्हणून एष्टीच्या चाकाच्या हवा भरलेल्या ट्यूबापण त्यांनीच आणल्या होत्या. एक मला घातली. तिच्यात मी अशी बसले की प्रज्ञा म्हणते, फोटो असता तर! नाही ते बरंच झालं.

आता ह्या बोटीचा दांडा उजवीकडं ढकलला की बोट डावीकडं जाते. हे विकणाऱ्यानं सांगितलं होतं. पण एष्टीच्या ड्रायव्हरला कोण शिकवणार? “आख्ख्या नोकरीत एक अपघात न्हाई माझा,” असं म्हणत त्यांनी वळणाला हात बाहेर काढून दाखवला आणि बोट नेऊन सरळ धुण्याच्या दगडावर घातली. तिथं धुणं धुणारी बाई हातातलं लुगडं तसंच धरून ओरडली, “ओ पावणं, ष्टँड तिकडं हाय!”

संगमावरनं पंचगंगेत शिरलो. पाणी गार, वारा तोंडावर. काठावर ऊस गेलेली रानं, पंपांच्या पायपा, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. मी आयुष्यभर ह्या नदीचं पाणी भरलं, धुणं धुतलं, तिला शिव्या घातल्या. पण तिच्या मधोमध बसून दोन्ही काठ एकदम कधी बघितले नव्हते. मी भडंग खात होते आणि मला वाटलं, असंच घरापर्यंत जायचं.

आणि समोर भिंत आली.

बंधारा! आमच्या कोल्हापूरचे बंधारे लांब लांब नावाजलेले. दगडी खांब, आणि उन्हाळ्यात पाणी अडवायला खांबांच्या मधे फळ्या घालतात, त्यांना बर्गे म्हणतात. पावसाच्या तोंडाला ते काढतात. आता मे महिना. बर्गे गच्च बसलेले. पलीकडं पाणी काठोकाठ आणि आम्ही खाली, विहिरीतल्या बेडकासारखे वर बघत.

मी दोघांकडं बघितलं. दोघं एकमेकांकडं.

“बंधारा हाय हितं,” मालक म्हणाले.

“कदी बांधला म्हणं? सकाळी?” मी विचारलं.

हे दोघं रोज लूनावर बसून आमच्या गावाजवळच्या बंधाऱ्यावरनं पलीकडं जातात. जन्म गेला त्यावरनं जाण्यात. त्यांच्या डोक्यात बंधारा म्हणजे रस्ता. रस्ता नदीत आडवा उभा असतो आणि त्याला खालची बाजूही असते, हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. सगळा हिवाळा पेट्रोल, हवा, ट्यूबा ह्यावर चर्चा. वाटेत असले किती बंधारे, ह्याचं नावसुद्धा नाही. खरं सांगू? मलापण आठवलं नव्हतं. पण मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी सुटले.

वरनं एक दूधवाला किटल्या लावून चाललेला. मालक खालनं ओरडले, “ओ पावणं! दार उघडा की जरा!”

तो गाडी थांबवून वाकला. “दार? घर हाय व्हय हे? कुठं निघालासा?”

“कोल्हापूरला.”

“मग एष्टीनं जावा की!”

आमच्या मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. हळूच पुटपुटले, नारळ फोडला असता तर... मी म्हटलं, “नारळानं भिंत फुटती व्हय?”

शेवटी तोच दूधवाला गावातनं ट्रॅक्टर आणि माणसं घेऊन आला. ऊस संपलेला, ट्रॉल्या रिकाम्या उभ्या. बोट ओढून ट्रॉलीत घातली, काठानं वर नेली आणि पलीकडच्या पाण्यात सोडली. मी आतच बसून राहिले. माणसं म्हणाली, मावशी, उतरा की. मी म्हटलं, तिकीट काढलंय.

पुढच्या बंधाऱ्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. म्हणजे तुम्ही जाणार असाल तर ट्रॅक्टरवाला ओळखीचा ठेवा. पेट्रोल डबा भरून न्या, नदीत पंप नाही. आणि मे महिन्यात जाऊ नका, शहाणे असाल तर.

मुक्काम इचलकरंजीच्या अलीकडं माझ्या नणंदेकडं केला. तिची मुलं कापडाच्या मागावर कामाला. घरात मागांचा खडखडाट, त्यातच जेवायचं आणि बोलायचं ओरडून. खर्डा-भाकरी मात्र फक्कड. मालकांनी जेवताना आपल्या बहिणीला बोटीचा असा पराक्रम सांगितला की जणू ते लंकेहून आले.

दुसऱ्या दिवशी केंदाळ. पाण्यावर हिरवीगार चादर, वर जांभळी फुलं. लांबनं बघितलं तर वाटावं मळा आहे. इंजिनाचा पाण्यातला पंखा त्यात गुंतला, इंजिन गुदमरून बंद. मिलिंद पाण्यात उतरून विळ्यानं कापत बसला. मालक दोरी ओढत बसले. मी उन्हात ट्यूबेत बसून दोघांना सूचना देत बसले, त्याचं कुणाला काही नाही.

पुढच्या बंधाऱ्याचा ट्रॅक्टरवाला चांगला बोलका होता. म्हणाला, “मावशी, कशाला जीव काढतासा? ट्रॉलीतनं थेट घरात न्हेऊन सोडतो. रस्ता चांगला हाय.”

मालकांचे डोळे चमकले. मिलिंदनं पण मान खाली घातली. हात सोललेले, पाठ भाजलेली, त्याचं काय चुकलं म्हणा. पण माझ्या डोळ्यांपुढं ते पोतं पांघरलेलं रेडकू आलं.

मी म्हणाले, “पुरात रस्ता असता तर मी नाव कशाला घेतली असती? सोड पाण्यात.”

बोट पाण्यात सोडली. आणि काय सांगू, पहिल्या ओढीला इंजिन सुरू! मी मागं वळून बघितलं नाही, नाहीतर मालकांनी त्याचं श्रेय घेतलं असतं.

तिथनं पुढं कोल्हापूरपर्यंत ते इंजिन अडलं नाही. कोल्हापूरच्या खालचा शेवटचा बंधारा चढलो आणि ऊन कलताना पंचगंगा घाटासमोर आलो. घाटावर पोहणारे, म्हशी धुणारे, नुसतेच बसलेले. सगळे उठून उभे.

“ओ पावणं, गोव्याला निघालाय व्हय?”

“आज्जी, हवा किती भरलीया?”

मी ट्यूबेतनं हात हलवला. कुणी काही म्हणो, मला तेव्हा महाराणीसारखं वाटत होतं. आणि तिथंच, अख्ख्या कोल्हापूरच्या देखत, शिवाजी पुलाच्या अलीकडं इंजिन बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. डब्यातलं मालकांनी मघाशी बंधाऱ्यावर भेटलेल्या लूनावाल्या एका पाहुण्याला उदारपणे दिलेलं! घाट नुसता खदखदला. राहिलेली वाट बोटीतल्या बांबूनं रेटत गेलो.

आमच्या पाणवठ्यावर सुजाता पोरीला काखेत घेऊन उभी होती. ती इंजिनाचं काही बोलली नाही, रंगाचं नाही, नटीच्या डोळ्याचं नाही. तिनं एवढंच विचारलं, “आत्ती, ही बांधायची कुठं?”

मी म्हटलं, “आपल्या दारात. खालच्या लिंबाला.”

ती तोंड फिरवून पोरीचं टोपडं सारखं करत राहिली, टोपडं सरळच होतं तरी.

परवा दादू आबा आले. बोटीला दोन फेऱ्या मारल्या, फायबरवर टिचक्या मारल्या. “उन्हाळ्याचं पाणी, त्यात काय. पुरात मधेच बंद पडली म्हंजे?”

त्यांचं खोटं नाही. मलापण रात्री तीच काळजी असते. घाटासमोरचं ते सगळं अजून आठवतं मला. पण एवढं कळलंय की ती बंद पडली तरी बुडत नाही, आणि रेटली की पुढं जाते.

आबा जरा घुटमळले. मग म्हणाले, “वैनी, ह्या वर्सी पाणी आलंच, तर आमचंबी बगशीला न्हवं?”

“बगू की. खालच्या वस्तीतली सगळी पलीकडं गेली की तुमाला न्यायला यील.”

“आनि रेडकू?”

“रेडकाला जागा न्हाई, आबा. तुमाला हाय. बांबू धराय कुणीतरी पायजेच की.”

आबांनी बांबूकडं बघितलं. मी आत जाऊन चहा ठेवला.