नमोमावशीचं राहिलेलं अर्धं

नमोमावशीकडे घड्याळ नव्हतं आणि तिला ते नकोही होतं. अंडं उकडायला दोन रहस्यं, बोंबील तळायला एक, आणि आमच्या आळीपासून वसई स्टेशनापर्यंत अख्खी माळ, असं तिचं माप. रहस्य म्हणजे दहा वेळा ‘नमो मारिया’, आणि अशी पाच रहस्यं झाली की रोझरीची एक माळ पुरी. शेवटच्या काही वर्षांत मात्र ट्रॅफिकने तिचं गणित पार बिघडवलं. “माळ सरली, वरची लितानीची विनवनी सरली, तरी मेली बस तितंच! आता काय बायबल वाचू? तेबी वाचता येत नाय,” असं ती भर बसमध्ये कंडक्टरला सुनवायची.

नात्याने ती माझी कोणीच नव्हती. शेजारीण. माहेर कोळीवाड्यातलं, म्हणून ‘ण’ तिच्या जिभेवर कधी चढला नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, सुकी मासळी विकून एकटी राहायची. माझी आई भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटे मुंबईला जायची आणि मी दिवसभर मावशीच्या ओट्यावर. प्रार्थना तिनेच शिकवली, मासळी निवडता निवडता. त्यामुळे अजूनही मला रोझरीला सुकटाचा वास येतो. लाज वाटत नाही मला सांगायला.

तिची माळ मण्यांची नव्हती. तिच्या बापाने जाळ्याच्या दोरीला गाठी मारून करून दिली होती आणि पुढे एक लाकडी क्रूस बांधला होता. माझ्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेतली त्या दिवशी, मावसमामाने काचेची चकचकीत माळ आणली, तेव्हा मी तिच्यापुढे ती मिरवली. “ब्येस हाय. पन खरी माझीच,” ती म्हणाली. मग तिने प्रवचनात ऐकलेली गोष्ट सांगितली. फार पूर्वी मठातले लोक दीडशे स्तोत्रं वाचून म्हणायचे. गरिबाला कुठलं वाचता यायला? त्याने स्तोत्रांच्या जागी दीडशे प्रार्थना धरल्या, मोजायला खडे घेतले, मग दोरीला गाठी मारल्या. मणी मागाहून आले. “म्हंजे ही अडान्यांची पोथी, बाय. अन् गाठी मारायचं काम तर आमच्या बापसाचं!” पुढे मी शिक्षिका झाले, चार पुस्तकं वाचली आणि शहाणपणाने तिला सांगायला गेले की या इतिहासाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. “असूंदे. त्यांना मासळी मिलत नसंल, म्हनून भांडत्यात,” एवढं बोलून ती सुकटाकडे वळली.

‘नमो मारिया’चे दोन भाग. एकाने पहिला म्हणायचा, बाकीच्यांनी दुसरा म्हणून उत्तर द्यायचं. मावशीचा सगळा जीव त्या दुसऱ्या भागात. “पयलं अर्धं देवदूताचं. तो काय, मारियेला निरोप देऊन उडून गेला. मरायचं आपल्याला हाय. म्हनून दुसरं अर्धं मानसांनी मागनं जोडलं.” आणि मग ती ते सावकाश म्हणायची, ‘आता आनि आमच्या मरनाच्या वेळी’. पहिलं म्हटलं आणि दुसरं राहिलं, हे तिला खपायचंच नाही. एका ऑक्टोबरमध्ये, म्हणजे रोझरीच्या महिन्यात, आळीच्या क्रूसासमोर रोझरी चालू होती. माडाच्या बांधावरून दोन सख्खे भाऊ वर्षभर बोलत नव्हते. मावशीने पहिलं अर्धं थोरल्याला म्हणायला लावलं आणि दुसऱ्यासाठी धाकट्याकडे बोट केलं. धाकट्याने तोंड फिरवलं. मच्छर फोडून खात होते, पण मावशी हात वर करून तशीच उभी. “अर्धं टांगून इथनं कोन घरी जानार नाय!” शेवटी धाकट्याने म्हटलं, तेही रडत.

आळीत कोणी शेवटच्या घटका मोजत असलं की मावशीला बोलावणं यायचं. ती कानाशी पहिलं अर्धं म्हणायची आणि घरच्यांकडून दुसरं म्हणून घ्यायची. एकदा अशाच घरून परतताना तिने माझा दंड धरला. “माझ्या येळेला दुसरं अर्धं तू म्हन. मला दुसरं कोन हाय? अन् ते ऐकल्याबिगर मी हलनारच नाय, सांगून ठेवते.”

“गप गं मावशी, काहीतरी बोलतेस,” मी म्हटलं. पण हो म्हटलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिचं हृदय थकलं. मी तेव्हा जूचंद्रजवळच्या सोसायटीत राहायला गेले होते. शाळा सुटली की तशीच इस्पितळात जायची. त्या मंगळवारी दुपारी तिने डोळे उघडले, मला ओळखलं, बोटांतली गाठ पुढे सरकवली आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, “नमो मारिया, कृपापूर्णे...” पहिलं अर्धं पुरं केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी गप्प राहिले. तिचंच बोलणं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं, की ऐकल्याशिवाय ती हलणार नाही. मग नाहीच म्हटलं तर? तिने पुन्हा म्हटलं. मी तिच्या पायावरची चादर नीट केली. तिसऱ्यांदा म्हणताना तिला धाप लागली, आणि मी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, “मावशी, आता झोप. उद्या येते.” शिकलेली बाई मी, आणि मरणाला फसवायला निघाले होते! मी इस्पितळाच्या फाटकाशी पोहोचले, तिच्या मापाने एक रहस्यही झालं नव्हतं, तेवढ्यात फोन वाजला.

शवपेटीत कोणीतरी तिच्या हातात नवी पांढरी माळ गुंफली होती. ती काढून मी तिची दोरी गुंफली. तेवढं एक काम माझ्याकडून धड झालं.

यंदा ऑक्टोबरमध्ये आळीतल्या बायकांनी मला क्रूसासमोर पुढे ढकललं. “तूच सांग आता रोझरी, तिने शिकवलेली तू.” मी नाही म्हटलं. का, ते आजवर कोणाला सांगितलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितेय. मी मागे उभी राहून फक्त उत्तरं देते. शनिवारी तिच्या कबरीवर जाते, मेणबत्ती लावते आणि तिथेही दुसरंच अर्धं म्हणते, मोठ्याने. पहिलं म्हणायचा मला हक्क नाही. ते तिने त्या दुपारी तीनदा म्हणून ठेवलंय.