येऊ दे, येऊ दे

जुन्या व्हिडिओ गेममधल्या टीं-टीं आवाजांत गाणी रचतात, त्याला चिपट्यून म्हणतात, हे अड्याळच्या आमच्या घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं. कॉम्प्युटरवर एकेक सूर चौकटीत भरून मी पहिली धून बनवली आणि स्पीकर मोठा करून लावली. अंगणात चहा पीत बसलेले बाबा हात हलवत ओरडू लागले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!"

त्यांना वाटलं, काकांचा ट्रॅक्टर मागे येतोय. रिव्हर्स टाकला की त्याचा हॉर्न असाच वाजतो. आणि आमच्याकडे गाडी मागे येऊ लागली की जो जिथे बसला असेल, तो तिथूनच तिला वाट दाखवतो.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी धून मुद्दाम चौपट लांबवली. "येऊ दे" म्हणून म्हणून बाबांचा घसा बसला, तेव्हा ते चप्पल घालून बाहेर बघायला गेले. परत येऊन म्हणाले, "काहून आमची मजा घेऊन राहिला बे?" त्या दिवसापासून धून वाजली तरी ते ढिम्म बसून राहायचे.

मग एका संध्याकाळी मी अंगणातल्या न्हाणीत होतो. अंगभर साबण. बाहेर टीं-टीं सुरू झालं आणि बाबांचा खूश आवाज आला, "आज जमलं बे तुले! एकदम खरा ट्रॅक्टर वाटून राहिला!"

मी आतून ओरडलो, "बाबा, मी तं आंघोळ करून राहिलो!"

तेवढ्यात न्हाणीची भिंत आत आली.