नितळ पाण्यातले कटले

काशिनाथ गावडे रविवारी घरी सापडेल अशी आशा लाटंबार्सेत कुणी धरत नसे. चंदगडाकडच्या एका खेड्यात, ताम्रपर्णीच्या काठाला तो वाढला. पोर पोहायच्या आधी गळ टाकायला शिकलं, असं त्याची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. विशीत तो डिचोलीला आला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चिकटला आणि हळूहळू लाटंबार्सेचाच होऊन गेला. बायको शेवंता गावाकडचीच. मुलगी शुभांगी लग्न होऊन वास्कोला. इतकी वर्षं गोव्यात काढूनही त्याच्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाई' सुटलं नाही, तसा रविवारचा गळही सुटला नाही.

इथे गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकायला जाणं म्हणजे 'गरवूक' जाणं. हे त्याला बाबली परबाने शिकवलं. बाबली अस्सल गावचा. काजूची बाग, थोडं भात, आणि एके काळी खाणीवर स्वतःचा ट्रक. खाणी बंद पडल्या आणि काही वर्षांनी ट्रकही गेला. दोघांची मैत्री पाण्याच्या काठावर जमली, आणि बोलण्यापेक्षा गप्प बसण्यातच ती जास्त मुरली.

त्यांची बसायची जागा म्हणजे गावामागचा खाणीचा खंदक. डोंगर पोखरत पोखरत माणसं खोल गेली होती. काम थांबलं, पाणी उपसणारे पंप थांबले, आणि काही पावसाळ्यांत तो सगळा खड्डा भरला. चहूबाजूंनी तांबड्या उभ्या दरडी आणि मधे हिरवंनिळं पाणी. काशिनाथने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गळ बाजूला ठेवून नुसता बसून राहिला होता. नदी त्याच्या ओळखीची होती. नदी कुठून तरी येते, गाळ आणते, पुढे जाते. हे पाणी कुठून येत नव्हतं आणि कुठे जातही नव्हतं.

त्यात मासे होते ते गावातल्या मुलांनी आणि बाबलीने मिळून सोडलेले. ट्रक दारात उभे राहिले त्या काळात त्यांनी कटल्याचं बी पाण्याच्या पिशव्यांत भरून आणलं आणि बाबलीच्याच ट्रकातून खंदकावर नेलं. बोटाच्या पेराएवढी पिल्लं. पुढे ती अशी वाढली की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. कटल्याची पाठ दोन्ही हातांच्या कवेत मावत नसे. शेवंता गावाकडच्यासारखा झणझणीत रस्सा करी. बाबलीची बायको विनोदिनी खाऱ्या पाण्यातलं नसेल त्याला नुस्तें, म्हणजे मासळीच, म्हणत नसे. पण तीसुद्धा हुमणाला, नारळाच्या कालवणाला, दोन तुकडे मागून घेई.

मग मासे बिघडले. एकदम नाही. आधी पोटाकडची चरबी गेली, मग पाठ उतरली. तीन-चार वर्षांत अशी गत झाली की गळाला लागलेला कटला वर काढावा तर डोकं पूर्वीचंच थोरलं आणि मागे अंग म्हणजे नुसतं पातं. पाठीवरून बोट फिरवलं तर कणा हाताला लागे.

एका रविवारी शेवंताने रश्श्याचं भांडं त्याच्यापुढे आणून ठेवलं. त्यात काटे तरंगत होते.

"तुकडे कुठं गेले?" त्याने विचारलं.

"हितंच हायत, रश्श्यात इरघळून गेले. भिजल्या कापसागत मांस हाय ह्याचं. मी काय हे खानार न्हाई आन् तुमास्नी बी वाढनार न्हाई."

खंदकावर गरी टाकायला येणाऱ्या इतरांचंही तेच गाऱ्हाणं होतं. साखळीकडून येणारा भिकाजी म्हणाला, खाणीचं विष पाण्यात उतरलंय, आणखी काय असणार? बाबलीला ते पटलं. त्याने खंदकातला मासा घरी न्यायचं बंद केलं. काशिनाथला मात्र चैन पडेना. विष पोटात गेलेलं जनावर त्याने पाहिलं होतं. ते लोळतं, तोंडाला फेस येतो. हे मासे तर गळाला लागले की पूर्वीसारखेच झुंजत होते. अंगात काही नसताना एवढं बळ आणतात कुठून, याचाच त्याला अचंबा वाटे.

"आजारी हायत का उपाशी हायत, एवढं तरी कळाय पायजे," तो बाबलीला म्हणाला.

बाबलीची भाची हर्षा पेडण्याची. मासे हाच तिचा अभ्यासाचा विषय, आणि कॉलेजात शिकवतेही तेच. मामाने फोनवर हकिगत सांगितली तेव्हा ती म्हणाली, ऐकून काही सांगणं बरं नव्हे, बघावं लागेल. पावसाळा सरला, पाणी निवळलं, आणि ती हवा भरायची होडी गाडीत घालून आली.

सकाळीच काशिनाथच्या गळाला एक कटला लागला होता. तो बाल्दीत मावेना, शेपटी बाहेर राहिली. हर्षाने तो हातात घेतला, कल्ले उघडून पाहिले, पोट चिरून आतलं सगळं नीट पाहिलं. मग पाठीवरचं एक खवलं चिमट्याने उपटलं, धुतलं, दोन काचांच्या मधे धरलं आणि आपलं भिंग काशिनाथच्या हातात दिलं.

"काका, उन्हाकडे धरून बघा."

त्याने पाहिलं. आयुष्यभर त्याने खवली काढून टाकली होती. सुरीच्या पाठीने खरवडायची आणि पाण्याबरोबर वाहून द्यायची, एवढाच त्यांच्याशी संबंध. आता त्या नखाएवढ्या तुकड्यात वर्तुळांमागे वर्तुळं दिसत होती. झाडाचा बुंधा कापल्यावर दिसतात तशी, पण केसाहून बारीक.

"मधली वर्तुळं बघा. कशी ऐसपैस आहेत? तेव्हा भरपूर खायला होतं. आता कडेला या."

कडेला वर्तुळं एकमेकांना इतकी चिकटली होती की वेगळी ओळखू येईनात. काशिनाथने भिंग पुढेमागे केलं, डोळा बदलला.

"ही उपाशी वर्षं," हर्षा म्हणाली. "मासा जगला, पण वाढला नाही. आणि हा कोवळाही नाही. मामा, तुम्ही पिल्लं सोडली होती ना? त्यातलाच हा."

"त्याची पोरां असतली," बाबली म्हणाला.

"साचलेल्या पाण्यात कटला अंडी घालत नाही, मामा. त्याला वाहती नदी लागते, पूर लागतो. इथे एकही पिल्लू जन्माला आलेलं नाही. जे आहेत ते सगळे तुमच्या ट्रकातून आलेले."

बाबलीने बाल्दीतल्या माशाकडे पाहिलं. पिशवीच्या तोंडाची गाठ त्यानेच सोडली होती.

काशिनाथने भिंग परत दिलं नाही. गोव्यात आला तेव्हाचं पहिलं वर्ष त्याला आठवलं. चहात बुडवलेल्या उंड्यावर, एका पावावर, दिवस निघायचा. गावी गेल्यावर आईने काही न विचारता त्याचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं होतं. ते वर्ष आपल्याही अंगात कुठे तरी असं उमटून राहिलं असेल काय, असं त्याच्या मनात आलं. पण तो बोलला ते एवढंच, "देवानं काय काय लिवून ठेवलंय, आन् आपुन खरवडून टाकतोय."

मग तिघं होडीत बसली. हर्षाने दोघांना अंगात फुगीर जाकिटं घालायला लावली. बाबली कुरकुरला, पण त्याने घातलं. इतकी वर्षं काठावर काढली, तरी मधोमध जायची ही दोघांचीही पहिलीच वेळ.

हर्षाजवळ दोरीला बांधलेली एक थाळी होती, अर्धी पांढरी, अर्धी काळी. दिसेनाशी होईपर्यंत ती पाण्यात सोडायची, की पाणी किती गढूळ ते कळतं. तिने दोरी सोडली. थाळी खाली गेली, बशीएवढी झाली, नाण्याएवढी झाली. दोरी संपली. थाळी अजून दिसतच होती.

"एवढं नितळ!" काशिनाथ म्हणाला. "मग वंगाळ काय हाय ह्या पान्यात?"

"वंगाळ नाही म्हणूनच तर, काका. पाण्यात दिसत नाहीत असे बारीक जीव असतात, शेवाळ असतं, त्याने पाणी धुकट होतं. कटल्याचं खाणं म्हणजे तेच. खंदक नवा भरला तेव्हा बुडालेलं गवत होतं, पाला होता, मातीचा कस होता. तो या माशांनी खाल्ला. आता वरून काही येत नाही, खालून काही उगवत नाही. हे पाणी नितळ आहे कारण ते रिकामं आहे."

काशिनाथने कडेवरून वाकून पाहिलं. ज्या हिरव्यानिळ्या रंगाकडे बघत त्याने इतके रविवार घालवले, ती भूक होती. तिच्याइतकं देखणं काही त्याने पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या अंगावर काटा आला.

होडी परत काठाकडे वळली. उन्हं आता डोक्यावर आली होती आणि सरळ पाण्यात उतरत होती. पूर्वेकडच्या दरडीजवळ येताच बाबलीने एकदम हात वर केला.

"राव गो. जरा राव."

हर्षाने वल्हं थांबवलं. होडीखाली एक रस्ता होता. तांबडा, रुंद, दरडीला लागून वळत वळत खाली जाणारा. एका बाजूला सरकू नये म्हणून लावलेले दगड तसेच रांगेत होते. पहिलं वळण दिसत होतं, दुसरं अंधुक, आणि त्याच्या खाली निळं, मग काळं.

"हयसर आम्ही ट्रक वळवायचे," बाबली हळू आवाजात म्हणाला. "भरलेलो वर येय, त्याका वाट द्यायची. खालती गेल्यार वर आभाळ पत्रावळीएवढा दिसायचा." तो थांबला. "आणि आता मी त्या आभाळात बसलंय."

त्याच वेळी खालच्या वळणावरून कटले आले. चार-पाच होते. मोठाली डोकी, मागे सडपातळ अंगं. सावकाश, एकामागून एक, ट्रक चढायचे त्या बाजूने ते रस्त्यावरून वर आले, होडीच्या सावलीखालून गेले आणि वळून पुन्हा उतरणीला लागले. त्यांच्या सावल्या तांबड्या रस्त्यावरून त्यांच्याबरोबर चालत होत्या. बाबलीने नकळत हात जोडले.

हर्षाने पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या आणि काही आठवड्यांनी फोन केला. माशांना मारेल असं तिला त्यात काही मिळालं नव्हतं. खायचं तर खा, म्हणाली, पण त्यात खाण्यासारखं फारसं उरलेलं नाही. असलेल्यांतले निम्मे काढले तर राहिलेल्यांना थोडं जास्त मिळेल, असंही ती म्हणाली. भिकाजी आणि साखळीचे लोक ते करू लागले. शेवंताने त्या माशांना मीठ लावून माडीवर खणखणीत वाळवून पाहिलं. पाणी निघून गेल्यावर मांसाला जरा धर आला, आणि भाकरीबरोबर भाजून खायला ते चालू लागले. विनोदिनीही मागून नेऊ लागली.

काशिनाथ पूर्वीसारखाच रविवारी जाई. जागा मात्र त्याने बदलली. रस्ता पाण्यात शिरतो तिथे, कडेच्या सपाट दगडावर तो आता बसे, आणि कणकेची गोळी त्या रस्त्यावरच सोडी. मासा गळाला लागण्याआधी दिसतो, ही गोष्ट त्याच्या उभ्या जन्मात नवीन होती. नदीत दोरी हलली की कळायचं.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी त्यांतला सर्वांत थोरला वर आला. डोकं घागरीएवढं, डोळा संथ, अंगावर एकेक खवलं रुपयाएवढं. मासा गोळीजवळ येऊन थांबला. कल्ले उघडत होते, मिटत होते. त्या एकेका खवल्यावर काय लिहिलेलं असेल ते काशिनाथला आता ठाऊक होतं. त्याने काठी घट्ट धरली. ओढायची तयारी होती.

माशाने तोंड गोळीला लावलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि न खाता वळला. जरासुद्धा घाई न करता तो उतरणीला लागला, पहिल्या वळणावर मोठा दिसला, दुसऱ्यावर लहान, आणि मग निळ्यात गेला.

घरी आल्यावर त्याने शेवंताला सांगितलं.

"एवढा उपाशी असून?" तिने विचारलं.

"एवढा उपाशी असून."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मग तुमी काय केलं?"

"बसलो की. उन्हं येईस्तोवर बसलो," काशिनाथ म्हणाला आणि हात धुवायला गेला.