वैशाताईची लेन

वैशाताई आधी जिंकली आणि मग मेली.

मागच्या वर्षी. आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर, माझ्या डोळ्यांसमोर.

आज वर्ष झालं म्हणून छान काहीतरी लिहायचं ठरवलं होतं. पण मी आत्ता एका हॉस्पिटलच्या बाकावर बसलेय. टाइप करत राहिले नाही तर इथेच रडायला लागेन.

सांगते.

आमच्याकडे स्पोर्ट्स डेला शेवटची रेस माजी चॅम्पियन्सची असते. शंभर मीटर. बाया-पुरुष एकत्र. यंदाच जिंकलेल्या पोरापासून आजोबा झालेल्यांपर्यंत सगळे. टाइम कोणी घेत नाही, टोमणे मात्र सगळे मारतात.

आणि लेन मिळते सीनियॉरिटीने.

एक नंबरला भाऊ. कॉलेजचे शंभर मीटरचे पहिले चॅम्पियन. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाऊस आहे त्यांचं. त्या काळी मुरमावर अनवाणी पळायचे. आजही कोणी नवे स्पाइक्स दाखवले की विचारतात, "हे काय, पायाला दात बशिवले का रे?"

दोन नंबरला वैशाताई. हरसूलची. मुलींमधली पहिली चॅम्पियन. थोरल्या भावाचे कॅनव्हासचे बूट घालून, पुढे कागद कोंबून जिंकली होती. नंतर आश्रमशाळेत पीटी शिकवायची.

तिच्यानंतर तीन नंबरला मी. मी स्पाइक्स घालून जिंकले, त्यामुळे भाऊंच्या हिशोबात माझं जिंकणं अर्धंच.

आणखी एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांच्या अंगात मुरलाय. फक्कीच्या पांढऱ्या रेषेवर उभा राहिलेला चॅम्पियन मागे फिरत नाही. ताप असो, पाय मुरगळलेला असो. लंगडत पोचलात तरी चालेल. रेषेवरून फिरलात तर वर्षभर चहाला तुमचाच विषय.

मागच्या वर्षी रेषेवर ताई गाल चोळत होती.

"काय गं ताई?"

"दाढ ठणकतीय. लवंग धरलीय तोंडात. तू पुढं बघ, नायतर मागं राहशील."

शिट्टी झाली आणि ती सुटली. माझ्या पुढे, भाऊंच्या पुढे, त्या पंचविशीतल्या पोरांच्याही पुढे! आम्ही पळता पळता ओरडत होतो. तिने रेषा ओलांडली, हात वर केले आणि गुडघ्यांवर बसली. मग आडवी झाली.

आम्हाला वाटलं, नाटकं करतेय. करायचीच ती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. छातीतच दुखेल असं नाही. जबड्यातही दुखतं, दाढ दुखल्यासारखं.

तेव्हापासून माझ्या मनात भीती बसलीय ती बसलीच.

जिना चढताना धाप लागली, संपलं. दात शिवशिवला, संपलं. नवरा म्हणतो, "अगं, ॲसिडिटी आहे तुला." असेल. पण साधा ईसीजी काढायची हिंमत झाली नाही वर्षभर. त्यात काही निघालं तर?

आणि माणूस गेलं की बाकीचे एकेक लेन आत सरकतात. म्हणजे यंदा दोन नंबर माझा.

ताईचा.

नाही गेले तर ताईला विसरले म्हणतील. गेले तर ती जिथून पळाली तिथूनच पळायचं.

गेले. आज सकाळी उभी राहिले त्या लेनमध्ये. फक्की ताजी मारलेली. समोर शंभर मीटर. छाती अशी धडधडायला लागली की शिट्टीवाले सर काय बोलतायत तेही कळेना.

मी हात वर केला.

"सर, मी नाही पळत. भीती वाटतेय मला."

मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, चालत या की!" हशा पिकला.

मी मान खाली घालून रेषेवरून बाजूला झाले. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"थांब गं. मी बी येतो."

वळून बघते तर भाऊ. एवढ्या थंडीत चेहरा घामाने थबथबलेला. डावा हात उजव्या हाताने धरलेला.

"सकाळपासून भरून आलाय हात. जरा धर मला, पोरी."

हसणं जागच्या जागी थांबलं.

गाडीत मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे मिटूनच म्हणाले, "तू निघाली म्हणून निघालो. नायतर पळालोच असतो बघ. लोकं काय म्हणतील?"

हा माणूस नातवंडांचा आजोबा आहे. आणि त्याला मरणापेक्षा लोकांची भीती!

मला इतका राग आला. ओरडावंसं वाटलं. पण मी त्यांचा हात चोळत राहिले, आणि सिग्नल सुटेना.

भाऊ आत आहेत. मोठं ब्लॉकेज निघालंय. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. पळाले असते तर अवघड होतं." धोका टळला का, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बघू" म्हणाले.

त्यांची सून बाजूला जप करतेय. मला तर देवाचं नावही आठवेना.

वैशाताई, मागच्या वर्षी आमच्यातलं एक जरी घाबरट निघालं असतं ना, तर तूही कदाचित हसत हसत त्याच्या मागे बाजूला आली असतीस. तुझ्या त्या दाढेला शिव्या घालत.

आम्ही सगळेच शूर निघालो गं.

आत्ता सिस्टर येऊन गेल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "मॅडम, तुमचाही ईसीजी काढून घेऊ या का?"

हो म्हटलंय. बोलावतायत. जाते.

ताई, तुला साश्रू निरोप.